अँबॅसॅडर मार्क-२: इंजिन नवं बांधलं, पण पाणी जातंय कुठे?

खंबाटकी_सेकंड_गिअर (धागाकर्ता) | रवि, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

इतकी वर्षं नुसता वाचत होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय. स्वार्थीपणा आहे, मान्य.

गाडी १९६८ची अँबॅसॅडर, मार्क-२. बाबांनी १९८१ साली साताऱ्यातच एका डॉक्टरांकडून घेतलेली. २००९ पासून शेडमध्ये उभी होती, टपावर कोंबड्या बसायच्या. गेल्या दिवाळीत मनावर घेतलं. इंजिन मूळचंच आहे, १४८९ सीसी पेट्रोल. लेथचं काम कोल्हापूरला उद्यमनगरात करून घेतलं. बोअर २० थाउने (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाउ) वाढवून नवे पिस्टन, क्रँक ग्राइंड, हेडला (सिलिंडरवरच्या झाकणाला) फेसिंग म्हणजे तळ सपाट करणं, व्हॉल्व्ह आणि सीटा नवीन. रेडिएटर उघडून रॉडिंग केलं, म्हणजे सळईने नळ्यांतला गाळ काढला. जोडणी इथेच साताऱ्यात आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी केली, मी हाताखाली होतो.

इंजिन पहिल्या सेल्फला सुरू झालं. बाबा आता ८३ वर्षांचे आहेत. ते नुसते शेजारी बसून आवाज ऐकत होते.

आता रडगाणं. नव्या इंजिनावर ४०० किमी झाले आहेत आणि गाडी पाणी खातेय. रोज सकाळी रेडिएटरचं झाकण उघडावं तर पातळी खाली. साठ-सत्तर किमी फिरवली की कधी पाव लिटर, कधी त्याहून जास्त टाकावं लागतं. तापमानाचा काटा मात्र कधी निम्म्याच्या वर गेला नाही. ऑइल स्वच्छ आहे. सकाळी सायलेन्सरमधून थोडी वाफ येते, नंतर बंद होते. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतून मात्र पांढरट लोण्यासारखं काहीतरी लागलंय, ऑइलमध्ये पाणी शिरलं की काय म्हणून पोटात गोळा आला.

वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) नवीन, होज पाइप नवीन, क्लिपा नवीन, रेडिएटरची कॅपसुद्धा नवीन. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) मिस्त्रींनी काढून ठेवलाय, "आपल्याकडे लागत नाही" म्हणाले.

मिस्त्री म्हणतात हेडचं पॅकिंग गेलं, हेड उतरवू. दुसरा एक जण म्हणतो ब्लॉकला चीर आहे. लेथवाले फोनवर म्हणतात आमच्याकडून काम चोख गेलंय. मी कोणाचं ऐकू?

गावठी_पिस्टन | रवि, रात्री १०.०५

भावा, दोन चमचे हळद टाक रेडिएटरमध्ये आणि विसर. आमच्या आज्ज्याच्या जीपला आठ वर्षं हळदीवर चालवली. लय भारी उपाय.

सदाशिव_शून्य_अंश | रवि, रात्री १०.१८

आठ वर्षं जीप चालली की आजोबांचा संयम चालला, हेही सांगा. पिठलं करताय की इंजिन दुरुस्त करताय? हळद गळतीच्या जागी जाऊन बसते हे खरं, पण तिला गळती कुठली आणि रेडिएटरची नळी कुठली हे कोण सांगणार? रॉडिंग केलेल्या रेडिएटरमध्ये पुन्हा गाळ घालायचा असेल तर खुशाल टाका.

गावठी_पिस्टन | रवि, रात्री १०.२१

रस्त्यात अडकलास की हळदच आठवंल तुला.

दापोडी_निवृत्त | सोम, सकाळी ६.१०

खंबाटकीराव, हेड उतरवायची घाई करू नका. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढली. गरज नसताना उतरवलेली हेडं मी पुष्कळ पाहिली आहेत. एकदा उतरवलं की मूळ दोष होता की नव्हता ते कळायचा मार्गच बंद होतो, कारण पुरावाच पुसला जातो. वर नवं पॅकिंग बसवताना आपण आणखी दोन चुका करतो त्या वेगळ्याच.

आधी मला इतकं सांगा. सकाळी पाणी भरता ते कुठपर्यंत भरता? गळ्यापर्यंत काठोकाठ? साधं पाणी की कूलंट? जमीन ओली दिसते का, दिसत असेल तर घरी पोचल्यावर लगेच दिसते की सकाळी? आणि नव्या कॅपवर आकडा काय आहे तो बघून सांगा, अंदाजाने नको.

खंबाटकी_सेकंड_गिअर | सोम, सकाळी ८.३०

काका, धन्यवाद. भरतो काठोकाठच. साधं पाणी, बोअरचं. रात्री आल्यावर जमीन कोरडी असते. सकाळी गिअर बॉक्स सुरू होतो त्या जागेखाली रुपयाएवढा ओला डाग असतो, कधी दोन. बोट लावलं तर थोडं तेलकट लागतं, म्हणून मी तो ऑइलचाच धरला होता.

कॅपवर ०.९ लिहिलंय. दुकानदाराने "सगळ्यांना हीच बसते" म्हणून दिली.

दापोडी_निवृत्त | सोम, सकाळी ८.५५

०.९ बार म्हणजे दर चौरस इंचाला १३ पौंड दाब. जुनी कॅप टाकून दिली का? असेल तर तीही बघा.

खंबाटकी_सेकंड_गिअर | सोम, सकाळी ९.२०

खिळ्यांच्या डब्यात सापडली. पितळी. त्यावर ७ कोरलंय.

त्रिज्या | सोम, सकाळी ११.४५

मी गाड्यांमधली तज्ज्ञ नाही, कारखान्यात पंप आणि पाइपलाइनवर काम करते. पण काठोकाठ भरण्याबद्दल काकांनी विचारलंय त्यामागचं गणित मांडते.

या गाड्यांना आजच्यासारखी बाजूची प्लास्टिकची टाकी नसते, बरोबर? म्हणजे पाणी फुगलं की गळ्याजवळच्या बारीक नळीतून थेट रस्त्यावर, आणि गार झाल्यावर परत यायला काही नाही. पाणी ३० अंशांवरून ९० अंशांवर गेलं की साधारण ३ टक्क्यांनी फुगतं. तुमच्या गाडीत किती मावतं ते सांगा, पण सात लिटर धरले तर २०० मिलीच्या थोडं वरच झालं. तेवढं पाणी दर फेरीला बाहेर पडणारच. तुम्ही रोज सकाळी ते परत भरता, गाडी रोज परत टाकते. ही गळती नव्हेच, गाडी तुम्ही दिलेलं जास्तीचं पाणी परत करतेय.

चार दिवस काही भरू नका. पातळी स्वतःहून कुठे थांबते ते काडी बुडवून बघा. वरच्या टाकीतल्या नळ्यांची तोंडं पाण्याखाली असली की झालं. त्यानंतरही उतरत राहिली तर खरी गळती.

सदाशिव_शून्य_अंश | सोम, दुपारी १२.०२

दंडवत. सहा लोकांनी ब्लॉक चिरून ठेवला होता, ताईंनी चहाच्या कपाने मोजला.

पद्मिनी_१०८९ | सोम, दुपारी १.३०

आमची फियाट, म्हणजे पद्मिनी. ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं, दोन्ही वेगवेगळं फुगतं, त्यामुळे एकदा तापली की हेड वाकलंच समजा. तुमच्या अँबीला दोन्ही बिडाचं, नशीबवान आहात. मुंबईच्या टॅक्स्यांमध्ये शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून बाद झाली, त्या दिवशी आमच्या घरी सुतक होतं. सॉरी, अवांतर झालं.

कामाचं बोलतो. ती ०.९ कॅप आधी काढा. दर पौंडाला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण दीड अंशाने वर जातो हे खरं आहे, ७ पौंडांवर ते ११० च्या आसपास उकळतं. पण तुमच्या इंजिनाला तेवढं पुरतं. १३ पौंड दाब म्हणजे पन्नास वर्षांच्या प्रत्येक सांध्याला, रेडिएटरच्या प्रत्येक झाळलेल्या जागेला फुकटची परीक्षा.

खंबाटकी_सेकंड_गिअर | शुक्र, रात्री ८.१५

अपडेट. पितळी कॅप बसवली (आतला रबर वॉशर बदलून). उदबत्तीची काडी, तिच्यावर ब्लेडने खाच. चार दिवस पाणी घातलं नाही.

पहिल्या दिवशी पातळी दीड बोट उतरली, दुसऱ्या दिवशी अर्धं बोट. त्रिज्याताईंचं गणित बरोबर. पण त्यानंतरही ती थांबली नाही. आता खाचेपर्यंत परत आणायला साठ किमीमागे ८० ते १०० मिली लागतात. औषधाच्या बाटलीच्या झाकणाने मोजलंय. म्हणजे खरी गळती आहेच, फक्त मला वाटत होती त्याच्या तिसऱ्या हिश्श्याची.

आता हेडची भीती परत सुरू. ते लोणी?

दापोडी_निवृत्त | शुक्र, रात्री ९.३०

लोण्याचं आधी. थर्मोस्टॅट नाही, गाडी साताऱ्यात दिवाळीनंतरच्या थंडीत फिरते, फेऱ्या छोट्या. ऑइल नीट तापतच नाही, त्यातली वाफ बाहेर पडत नाही, ती वर जाऊन पत्र्याच्या गार झाकणाला बसते. डिपस्टिकवर लोणी असतं तर मी तुम्हाला आजच हेड उतरवायला सांगितलं असतं. झाकणाखालचं लोणी म्हणजे मिस्त्रींनी काढून ठेवलेला थर्मोस्टॅट. तो परत बसवा. "आपल्याकडे लागत नाही" हे वाक्य मी प्रत्येक गावात ऐकलंय, आणि प्रत्येक गावात त्याच्याबरोबर घासलेले बोअरही पाहिलेत.

आता हेडची चाचणी. इंजिन पूर्ण गार हवं. फॅन बेल्ट उतरवा म्हणजे वॉटर बॉडी पाणी ढवळणार नाही. थर्मोस्टॅटच्या घराचं वरचं तोंड उघडा, हेडमध्ये पाणी डोळ्यांना दिसेल इतकं भरा. सेल्फ मारा, फक्त एक मिनिट. पाण्यात एकसारखे बुडबुडे आले तर सिलिंडरमधली हवा पाण्यात शिरतेय. सुरुवातीचे एक-दोन बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात, ते धरू नका. मिनिटाच्या वर चालवू नका, बेल्ट नाही.

ही चाचणी फुकटची आहे आणि खोटं बोलत नाही.

पद्मिनी_१०८९ | शुक्र, रात्री ९.५०

शिवाय निळ्या पाण्याची चाचणी येते. रेडिएटरच्या तोंडावर काचेची नळी ठेवून रेडिएटरमधली हवा त्या निळ्या द्रावणातून ओढायची. जळलेल्या गॅसमधला कार्बन डायऑक्साइड असेल तर निळ्याचं पिवळं होतं. पुण्यात काही गॅरेजवाले ठेवतात. चारी प्लग काढून ओळीने मांडा, एखादाच धुतल्यासारखा पांढरा निघाला तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय.

खंबाटकी_सेकंड_गिअर | रवि, दुपारी ४.२०

तिन्ही केलं.

बुडबुडे: पहिल्या दहा सेकंदांत दोन. मग काहीच नाही. बाबा टॉर्च धरून होते. मिनिट संपल्यावर म्हणाले, "विहिरीसारखं शांत आहे."

निळं पाणी: एका मित्राच्या गॅरेजमधून आणलं. निळंच राहिलं.

प्लग: चारी बिस्किटी रंगाचे. एकमेकांत बदलून ठेवले तर ओळखू येणार नाहीत.

मिस्त्रींना दाखवलं. त्यांनी मान हलवली, पण "तरी एकदा हेड बघून घेऊ" म्हणाले.

दापोडी_निवृत्त | रवि, संध्याकाळी ५.००

मिस्त्रींना माझा नमस्कार सांगा आणि हेडचा पाना आठ दिवस घरी घेऊन जायला सांगा.

पाणी आत जात नाही, म्हणजे बाहेरच जातंय. रात्री कोरडं, सकाळी ओलं, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत तेव्हाच माझा कल तिकडे होता. गरम इंजिनावर पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोचत नाही, वाटेतच उडून जातो. आणि तुम्ही साधं पाणी घालता, त्यामुळे मागे रंगाचा डागही राहत नाही. हिरवा कूलंट घाला. तो जिथून पाझरेल तिथे हिरवट खपली धरतो. कूलंट घालताना मिश्रण निम्मं-निम्मं, आणि बोअरचं पाणी आता बंद, डिस्टिल्ड घ्या.

मग गार इंजिनावर दाब देऊन बघा. गार झालं की धातू आकसतो, पॅकिंग सैल पडतं, गळती तेव्हाच बोलते.

गावठी_पिस्टन | रवि, संध्याकाळी ५.१५

दाबाचा पंप कुठनं आणायचा? हजारो रुपये सांगत्यात. मी घरी केलाय. जुन्या कॅपला मधोमध भोक पाडायचं, सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह नटाने कसायचा, दोन्हीकडनं रबर वॉशर. पायाचा हवेचा पंप, ज्याला घड्याळ आहे तो. ७ च्या वर जायचं नाही, रेडिएटर फुटल. हळदीवर हसलात, आता ह्याच्यावर हसू नका.

सदाशिव_शून्य_अंश | रवि, संध्याकाळी ५.२२

हसत नाहीये. हे छान आहे.

खंबाटकी_सेकंड_गिअर | मंगळ, रात्री १०.३०

पिस्टनदादा, तुमची कॅप केली. ०.९ वालीच वापरली, तिचा शेवटी काहीतरी उपयोग झाला.

इंजिन रात्रभर गार. पहाटे सहाला ७ पौंड दिले. पंधरा मिनिटांत काटा ५ वर. म्हणजे गळतंय आणि आत्ता गळतंय. मी आडवा पडलो खाली. वॉटर बॉडीच्या खालच्या बारीक भोकातून काही नाही. होज कोरडे. रेडिएटर कोरडा. ब्लॉकच्या बाजूच्या तिन्ही डमी (त्या पत्र्याच्या गोल वाट्या) बोटाने पुसून पाहिल्या, कोरड्या. पाणी सोडायचा नळ कोरडा.

आणि मग वीसेक मिनिटांनी बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअर बॉक्सच्या मधलं क्लचचं घर) तळाच्या भोकाच्या कडेला एक हिरवा थेंब जमला. लोंबला, फुगला, पडला. मग दुसरा. तो रुपयाएवढा डाग ऑइलचा नव्हताच, किंवा नुसत्या ऑइलचा नव्हता.

म्हणजे पाणी इंजिनाच्या मागून येतंय. तिथे काय आहे? मिस्त्री म्हणतात मागच्या बाजूला डमी असेल, क्लच प्लेटच्या मागे. गिअर बॉक्स किंवा इंजिन, एक काहीतरी उतरवावं लागेल.

गावठी_पिस्टन | मंगळ, रात्री १०.४१

गेलं. इंजिन उचलायच्या चेन पुलीला तेल पाज.

पद्मिनी_१०८९ | मंगळ, रात्री १०.५०

थांबा थांबा. इंजिन गाडीत मागच्या बाजूला किंचित कललेलं असतं. वरून कुठूनही निघालेलं पाणी ब्लॉकच्या कडेने ओघळत मागेच जाणार आणि बेल हाउसिंगमधूनच टपकणार. थेंब कुठे पडला यावरून तो कुठून निघाला हे ठरत नाही. वर चढत जा.

लीड्सची_गोधडी | बुध, पहाटे ३.१५

इथे इंग्लंडात रात्रीचे पावणेदहा वाजलेत, तुमची वेळ बघून लाज वाटली, पण राहवलं नाही.

माझ्याकडे १९७१ची एमजीबी आहे. तुमच्या अँबीचं इंजिन आणि माझं, दोघंही बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीजमधली, माझं १७९८ सीसी. त्यामुळे तुमचं वर्णन वाचून घरचंच वाटलं.

माझ्या इंजिनाच्या हेडला मागच्या टोकाला, डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला, हीटरचा नळ आहे. हेडमधलं गरम पाणी तिथून हीटरकडे जातं. इथे हीटरशिवाय जानेवारीत गाडी चालवणं म्हणजे पाय कापून घेणं. हा नळ दर काही वर्षांनी पाझरतो आणि दर वेळी पाणी बेल हाउसिंगमधून टपकतं. पहिल्यांदा झालं तेव्हा मीही गिअर बॉक्स उतरवायला निघालो होतो. शेजारच्या म्हाताऱ्याने थांबवलं.

भारतातल्या गाडीला हीटर नसेल तर तेच तोंड एका पट्टीने बंद केलेलं असणार. छोटी पट्टी, दोन नट, मध्ये पॅकिंग. तुमच्या इंजिनावर ती आहे का बघा. हेडच्या मागे, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूला, जिथे कोणी बघत नाही तिथे.

त्रिज्या | बुध, सकाळी ७.०५

हे बसतंय. हेड फेसिंगला गेलं तेव्हा ती पट्टी काढलेली असणार आणि जोडताना परत लावलेली असणार. इंजिन नव्याने बांधल्यावर गळती सुरू झाली तर आधी तेच सांधे बघायचे जे या कामात उघडले गेले.

दापोडी_निवृत्त | बुध, सकाळी ७.४०

शाबास. मी एस.टी.ची डिझेलं सांभाळली, हे मला सुचलं नसतं.

खंबाटकीराव, ती जागा डोळ्यांना दिसणार नाही. रॉकेलने धुवा, फडक्याने पुसा, हवा मारून कोरडी करा. मग अंगाला लावायची पावडर हातावर घेऊन फुंकरीने तिथे उडवा. सगळं पांढरं झालं पाहिजे. नंतर दाब द्या. पाणी निघेल तिथे पावडर काळी पडते आणि ओघळ स्पष्ट दिसतो. आरसा लागेल.

खंबाटकी_सेकंड_गिअर | गुरु, रात्री ९.१०

मंडळी, सापडलं.

सांगतो नीट. आज सुट्टी टाकली. एअर क्लीनर काढला, डिस्ट्रिब्युटरचं टोपण बाजूला केलं. हाताने चाचपडलं तर खरंच पट्टी आहे, आगपेटीहून लहान, दोन्ही बाजूंना एकेक नट. नुसत्या हाताला कोरडी लागली, म्हणून पहिल्यांदा मन खट्टू झालं.

मग रॉकेल, फडकं, पंप. आईचा पावडरचा डबा. बाबांचा दाढीचा आरसा काठीला चिकटपट्टीने बांधला. सगळा कोपरा पांढराशुभ्र झाला, देवळातल्या भिंतीसारखं. ७ पौंड दिले.

पहिली पाच मिनिटं काही नाही. मग पट्टीच्या खालच्या कडेला, ब्लॉकच्या बाजूच्या नटाजवळ, पावडरमध्ये केसाएवढी करडी रेघ उमटली. ती हळूहळू रुंद होत गेली, टोकाला हिरवा मणी तयार झाला, आणि तो हेडच्या कडेवरून मागे घसरून दिसेनासा झाला. बरोबर सात मिनिटांनी खाली बेल हाउसिंगला थेंब. बाबा खाली बसून मोजत होते, मी वर.

पट्टी काढली. आत काय निघालं माहितीये? वहीच्या पुठ्ठ्याचं पॅकिंग. त्याच्यावर अक्षरशः निळ्या रेघा दिसत होत्या. वरून सिलिकॉनचा थर, तोही एकाच बाजूला. आणि पट्टी सपाट नव्हतीच. काचेवर ठेवली तर मधे फट, दोन्ही कान वाकलेले. कोणीतरी कधीतरी गळतंय म्हणून नट जोरात आवळले असणार, त्यामुळे कान वाकले आणि मधला भाग उचलला गेला. जितकं आवळाल तितकं जास्त गळेल अशी ती झाली होती.

मिस्त्रींना दाखवली. बराच वेळ हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "माझीच चूक. घाईत पुठ्ठा कापला." मला त्या माणसाचा आदर वाटला, खरंच. लेथवाल्यांना मी फोन करून माफी मागितली.

आता पुढे काय करू? नुसती घासून लावू का नवीन करू?

लीड्सची_गोधडी | गुरु, रात्री ११.३०

हा निरोप वाचून मी चहा सांडला. अभिनंदन!

पट्टी घासून चालेल. जाड काचेवर एमरी पेपर ठेवा, रॉकेलचे दोन थेंब, आणि आठच्या आकड्यात फिरवा. सगळीकडे सारखी चकाकी आली की पुरे. कान फारच वाकले असतील तर पाच मिमी जाडीच्या पट्टीची नवीन करून घ्या, पातळ पत्रा परत वाकेल.

दापोडी_निवृत्त | शुक्र, सकाळी ६.२०

हेडवरचं तोंडही तपासा, तिथे जुना सिलिकॉन राहिला असेल तर ब्लेडने काढा, पण तुकडे आत पडू देऊ नका. तोंडात चिंधी कोंबा आणि ती काढायला विसरू नका. हे विनोदाने सांगत नाहीये.

पॅकिंग गॅस्केट-शीटचंच कापा. स्टड काढून बघा. एखाद्याचं भोक पाण्यात उघडत असेल तर आट्यांना सीलंट लागेल, नाहीतर पट्टी कोरडी राहील आणि पाणी आट्यांमधून येईल. नट आवळताना दोन्ही थोडे थोडे, आळीपाळीने. पाना छोटा घ्या म्हणजे जोर आपोआप कमी लागतो.

आणि ४०० किमी झालेत तर हेडचे नट गार इंजिनावर एकदा परत टॉर्क पान्याने बघून घ्या. मॅन्युअलमधल्या क्रमाने, मधून बाहेर, मॅन्युअलमध्ये आहे तेवढेच. त्यातले काही नट रॉकरच्या खुर्च्यांमधून जातात, त्यामुळे नंतर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) परत बसवावे लागतील. मिस्त्रींना घरी नेलेला पाना आता परत आणायला सांगा.

गावठी_पिस्टन | शुक्र, सकाळी ८.००

वहीचा पुठ्ठा! कुठल्या इयत्तेचा?

सदाशिव_शून्य_अंश | शुक्र, सकाळी ८.०४

चार रेघी असेल तर पहिलीचा.

खंबाटकी_सेकंड_गिअर | पुढचा रवि, रात्री ९.००

शेवटचं अपडेट.

नवीन पट्टी मिस्त्रींनीच केली, पाच मिमीची, पैसे घेतले नाहीत. एका स्टडचं भोक पाण्यात उघडत होतंच, काका. आट्यांना सीलंट लावलं. थर्मोस्टॅट परत. हेडचे नट टॉर्कवर घेतले, दोन किंचित सरकले, बाकी जागच्या जागी. टॅपेट बसवले.

दाबाची चाचणी पहाटे: ७ पौंड, अर्धा तास, काटा हलला नाही.

काल बाबांना घेऊन पुण्याला जाऊन आलो. खंबाटकीचा घाट सेकंडला, काटा निम्म्यावर. बाबांनी वाटेत वाईला थांबायला लावलं, पेढे घेतले, गाडीसाठी म्हणे. येऊन-जाऊन सव्वादोनशे किमी. आज सकाळी उदबत्तीची काडी बुडवली. पाणी खाचेला टेकलेलं.

ऑइलच्या झाकणाखालचं लोणीही आज नव्हतं.

एकच आहे. बेल हाउसिंगखाली अजून डाग पडतो. आधीपेक्षा लहान, चवलीएवढा. हिरवा नाही, काळा आहे.

लीड्सची_गोधडी | पुढचा रवि, रात्री ११.५०

तो राहणार. तुमच्या १४८९ सीसीच्या इंजिनाला क्रँकच्या मागच्या टोकाला आजच्यासारखं रबरी सील नसतं, ऑइल परत आत ढकलायला नुसते आटे असतात. गाडी उभी राहिली की थोडं सुटतंच. माझ्या गॅरेजमध्येही गाडीखाली कायम बिस्किटांच्या डब्याचं झाकण ठेवलेलं असतं.

गावठी_पिस्टन | पुढचा सोम, सकाळी ७.३०

त्यात दोन चमचे हळद टाक.